नरिमन हाऊस: ओलीस-सुटकेच्या एका मोहिमेचा इतिहास

मुंबईत कुलाब्याच्या हॉर्मसजी स्ट्रीटवर नरिमन हाऊस नावाची पाच मजली इमारत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन सशस्त्र दहशतवादी या इमारतीत शिरले आणि आतल्या लोकांना त्यांनी ओलीस धरले. २८ नोव्हेंबरच्या सकाळी राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरांच्या आधाराने इमारतीच्या गच्चीवर उतरले. दिवसभराच्या लढतीनंतर संध्याकाळी दोन्ही दहशतवादी मारले गेले आणि इमारत मोकळी झाली. पण आतल्या सहा ओलिसांपैकी एकही जिवंत हाती लागला नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर ओलिसांसाठी झालेल्या कारवायांमध्ये ही सर्वांत ठळक, आणि बरेच काही शिकवून गेलेली कारवाई आहे. कमांडोंच्या धैर्यात कसूर नव्हती. कारवाईचा निकाल ठरवला तो वेळेने.

ओलीस धरणे ही राजकारणातली आणि युद्धातली जुनी रीत असली, तरी ओलिसांना बळाने सोडवण्याचे स्वतंत्र तंत्र गेल्या पन्नासएक वर्षांत घडले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरण्यात आले. जर्मन पोलिसांचा सुटकेचा प्रयत्न फसला आणि सगळे ओलीस मारले गेले. या धक्क्यातून जर्मनीने जीएसजी-९ हे खास पथक उभारले. याच पथकाने १८ ऑक्टोबर १९७७ रोजी सोमालियातील मोगादिशू विमानतळावर अपहृत जर्मन विमान सोडवले. त्याआधी ३-४ जुलै १९७६ च्या रात्री इस्रायली कमांडोंनी युगांडातील एन्टेबे विमानतळावर धाड घालून शंभराहून अधिक ओलीस परत आणले होते. ५ मे १९८० रोजी ब्रिटनच्या एसएएस पथकाने लंडनमधील इराणी वकिलातीत घुसून ओलिसांची सुटका केली.

या यशस्वी मोहिमांत काही गोष्टी समान दिसतात. ओलीस ठेवलेल्या जागेची खडान्खडा माहिती आधी मिळवलेली असते. एन्टेबेच्या इमारतीचे बांधकाम एका इस्रायली कंपनीने केले होते आणि आधी सुटून आलेल्या प्रवाशांनी आतली हकिकत सांगितली होती. हल्ल्याची रंगीत तालीम झालेली असते. धाड पडण्याच्या क्षणापर्यंत शत्रूला तिचा सुगावा लागत नाही. मुख्य म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच ओलीस आणि बंदूकधारी यांच्यामध्ये कमांडो उभे राहतात. कारवाई तासांवर गेली की ओलिसांच्या जगण्याची आशा झपाट्याने कमी होते.

भारतात एनएसजीची स्थापना १९८४ मध्ये झाली आणि १९८६ मध्ये तिला संसदेच्या कायद्याचा आधार मिळाला. हरियाणातील मानेसर हे या दलाचे मुख्य ठाणे. त्यातील विशेष कृती गटात लष्करातून निवडलेले जवान असतात. ५१ क्रमांकाचा गट दहशतवादविरोधी कारवाईसाठी, तर ५२ क्रमांकाचा गट विमान अपहरणविरोधी कारवाईसाठी घडवलेला आहे. या दलाची सर्वांत नेटकी ओलीस-सुटका अमृतसरला झाली. २४ एप्रिल १९९३ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. रात्री कमांडो विमानात घुसले, काही मिनिटांत अपहरणकर्त्याला त्यांनी निष्प्रभ केले आणि विमानातील सर्व १४१ जण सुखरूप सुटले.

भारतीय सैन्याला देशाबाहेरही असे प्रसंग आले. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये बंडखोरांनी सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा भारतीय छत्रीधारी सैनिक आग्र्याहून विमानाने त्याच रात्री तिथे पोहोचले. बंडखोर ओलिसांना घेऊन एका मालवाहू जहाजातून पळाले. त्यांना समुद्रात अडवणाऱ्या आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेतवा या युद्धनौकांपैकी गोदावरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली होती. सन २००० मध्ये सिएरा लिओनच्या बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील दोनशेहून अधिक भारतीय सैनिकांना कैलाहून येथे वेढले. सुमारे अडीच महिन्यांनी, जुलैच्या मध्यावर, ‘ऑपरेशन खुकरी’ने त्यांचा वेढा फोडला. तेव्हा ओलीस-सुटकेचे ज्ञान भारताकडे नव्हते असे नाही. एका महानगरात, एकाच रात्री, अनेक ठिकाणी हे ज्ञान वापरण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच मुंबईत आली.

हल्लेखोर दहा होते. लष्कर-ए-तोयबाने प्रशिक्षण दिलेली ही टोळी कराचीहून समुद्रमार्गे निघाली. वाटेत त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली आणि खलाशांना ठार केले. तांडेल अमरसिंह सोळंकी यांना मुंबईजवळ येईपर्यंत बोट चालवायला लावून मग मारले. अमावास्येच्या तोंडावरची काळोखी रात्र होती. रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमारनगरात उतरले. तिथल्या रहिवाशांनी त्यांना हटकलेही, पण ते वस्तीतून पुढे सटकले आणि दोघादोघांच्या जोड्यांनी शहरात पसरले. एक जोडी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर (सीएसटी), एक ओबेरॉय-ट्रायडंट हॉटेलात, दोन जोड्या ताजमहाल हॉटेलात (त्यांपैकी एक आधी लिओपोल्ड कॅफेवर) आणि पाचवी नरिमन हाऊसमध्ये गेली.

नरिमन हाऊस हे हल्ल्याचे लक्ष्य असणे हा योगायोग नव्हता. या इमारतीत खबाड या ज्यू धार्मिक चळवळीचे केंद्र होते. मुंबईत येणाऱ्या ज्यू प्रवाशांना तिथे राहायला जागा, धर्माला मान्य असे अन्न आणि प्रार्थनेची सोय मिळे. राबाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का हे दांपत्य २००३ पासून मुंबईत हे काम करत होते. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यू लोक काही शतकांपासून राहत आले आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्रायली मराठीच बोलत आले. ज्यूंना त्यांच्या धर्मापायी कधी त्रास झाला नाही, असा लौकिक या किनाऱ्याने कमावला होता. जगाचे लक्ष वेधावे, हा हल्ल्यामागचा एक हेतू होता. लष्कर-ए-तोयबासाठी काम करणाऱ्या डेव्हिड हेडली याने आधी मुंबईत येऊन ज्या जागांची पाहणी केली होती, त्यांत नरिमन हाऊसही होते.

रात्री पावणेदहाच्या सुमारास जवळच्या पेट्रोल पंपापाशी स्फोट झाला आणि त्याच सुमारास दोघे इमारतीत घुसले. होल्ट्झबर्ग दांपत्य आणि तिथे उतरलेले चार पाहुणे त्यांच्या तावडीत सापडले. इमारतीतून झालेल्या गोळीबारात शेजारच्या रहिवाशांचाही बळी गेला. कुलाब्याच्या या भागात गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना खेटून आहेत. इमारतीला वेढा घालायलाही पोलिसांना शेजारच्या घरांमधून आणि गच्च्यांवरून जागा शोधावी लागली.

त्या रात्री मुंबई पोलीस एकाच वेळी अनेक आघाड्यांवर झुंजत होते. सीएसटीवर हल्लेखोरांपैकी अजमल कसाब आणि त्याच्या साथीदाराने गर्दीवर गोळ्या झाडल्या. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी मारले गेले. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हाती फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. त्यांचा जीव गेला, पण कसाब जिवंत सापडला. ताजमध्ये उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजक्या सहकाऱ्यांसह पिस्तुले घेऊन शिरले. या पोलिसांच्या हाती स्वयंचलित रायफली आणि ग्रेनेड यांना पुरून उरेल असे काही नव्हते. मध्यरात्रीनंतर नौदलाचे मार्कोस कमांडो ताज आणि ट्रायडंटमध्ये उतरले. त्यांच्यामुळे हल्लेखोरांना काही काळ दबून राहावे लागले, पण त्यांची संख्या थोडी होती. नरिमन हाऊसला मात्र रात्रभर फक्त वेढाच होता.

एनएसजीला मुंबईत आणायचे ठरले, तेव्हा तिचे जवान मानेसरला होते. त्यांना वाहून नेणारे आयएल-७६ विमान चंदीगडहून दिल्लीला आणावे लागले. सुमारे दोनशे कमांडो मध्यरात्रीनंतर दिल्लीहून उडाले आणि २७ नोव्हेंबरच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास मुंबईत उतरले. तिथून त्यांना बेस्टच्या बसगाड्यांतून दक्षिण मुंबईत नेण्यात आले. हल्ला सुरू झाल्यावर एनएसजीचा पहिला कमांडो प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत दहाहून अधिक तास गेले. दलाचे महासंचालक जे. के. दत्त मुंबईत होते. ब्रिगेडियर गोविंदसिंग सिसोदिया कारवाईचे सूत्रचालन करत होते आणि ५१ विशेष कृती गटाचे नेतृत्व कर्नल सुनील शेवरान यांच्याकडे होते. मोहिमेला ‘ऑपरेशन ब्लॅक टोर्नेडो’ हे नाव देण्यात आले.

ताज आणि ओबेरॉय ही शेकडो खोल्यांची हॉटेले होती आणि त्यांत शेकडो लोक अडकलेले होते. त्यामानाने नरिमन हाऊस लहान. पण लहान असल्यामुळेच ते अवघड होते. वर जाण्याची वाट अरुंद जिन्याची होती आणि वरच्या मजल्यावरून तो जिना दोन माणसेही रोखून धरू शकत होती. कमांडोंच्या हाती इमारतीचे तयार नकाशे नव्हते. ओलीस कोणत्या खोलीत आहेत, किती जिवंत आहेत, हे निश्चित माहीत नव्हते.

२७ नोव्हेंबरच्या सकाळी या इमारतीतून एक सुटका झाली, आणि ती कोणत्याही पथकाने केलेली नव्हती. होल्ट्झबर्ग यांच्या घरी काम करणाऱ्या सँड्रा सॅम्युएल रात्रभर खालच्या मजल्यावरील खोलीत लपून होत्या. होल्ट्झबर्ग दांपत्याच्या लहान मुलाच्या रडण्याचा आवाज ऐकून त्या वर गेल्या. मुलाचे आईवडील निपचित पडले होते आणि दोन वर्षांचा होण्यास दोनच दिवस उरलेला मोशे त्यांच्याजवळ उभा होता. सँड्रा यांनी त्याला उचलले आणि इमारतीच्या बाहेर धाव घेतली. मोशेचा जीव वाचला तो असा. पुढे इस्रायलने सँड्रा यांना सन्मानाने नागरिकत्व दिले.

दुसरीकडे इमारतीतील दहशतवादी पाकिस्तानातील सूत्रधारांशी फोनवर सतत बोलत होते. भारतीय यंत्रणांनी टिपलेली ही संभाषणे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आली. त्यांत ओलिसांना मारण्याच्या सूचना आहेत. ओलिसांच्या बदल्यात पैसा किंवा सुरक्षित वाट मागणाऱ्यांशी वाटाघाटी करून वेळ मिळवता येतो. मरायला आणि मारायलाच पाठवलेल्या माणसांच्या बाबतीत वाढत्या वेळेचा फायदा ओलिसांना मिळत नाही. नरिमन हाऊसमध्ये वेढ्याचा प्रत्येक तास ओलिसांच्या विरोधात गेला.

२७ तारखेला आसपासच्या इमारतींतील रहिवाशांना हलवण्यात आले आणि समोरच्या घरांत नेमबाज बसवण्यात आले. २८ नोव्हेंबरच्या सकाळी साडेसातच्या सुमारास हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर नरिमन हाऊसवर येऊन स्थिरावले. शेजारच्या गच्च्यांवरून नेमबाज खिडक्यांवर मारा करत असताना कमांडो एकामागून एक दोरावरून गच्चीत उतरले. इमारत वरून खाली ताब्यात घेत यायची, असा बेत होता. खालून चढणाऱ्यावर ग्रेनेड टाकणे सोपे असते आणि वरून उतरणाऱ्याला उंचीचा फायदा मिळतो, हा त्यामागचा विचार.

ही चाल तंत्रदृष्ट्या बरोबर होती, पण तिच्यातले अनपेक्षितपण आधीच संपले होते. उजेड पडलेला होता. गल्लीबोळांत आणि गच्च्यांवर माणसांची गर्दी होती आणि दूरचित्रवाणी वाहिन्या हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या कमांडोंचे दृश्य थेट दाखवत होत्या. दहशतवाद्यांचे सूत्रधार हेच प्रक्षेपण पाहत होते आणि फोनवरून आत माहिती देत होते.

यानंतर मजल्यामजल्यावर, खोलीखोलीत लढाई झाली. दोघे दहशतवादी चौथ्या मजल्यावर दबा धरून होते. या लढाईत उत्तराखंडचे हवालदार गजेंद्रसिंग बिश्त शहीद झाले. ग्रेनेडचा मारा होत असतानाही ते आपल्या तुकडीच्या पुढे राहिले होते. त्याच पहाटे ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन जखमी सहकाऱ्याला बाहेर काढून दहशतवाद्यांचा एकट्याने पाठलाग करताना मारले गेले होते. दोघांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे यांनाही हाच सन्मान मिळाला.

२८ तारखेच्या संध्याकाळी कमांडोंनी स्फोटाने भिंत उडवली आणि दोन्ही दहशतवाद्यांना ठार केले. आत शिरल्यावर ओलिसांचे मृतदेह सापडले. ओबेरॉय-ट्रायडंटमधील कारवाई त्याच दिवशी दुपारी संपली होती. ताजमधील शेवटचा दहशतवादी २९ नोव्हेंबरच्या सकाळी मारला गेला आणि साठ तासांची झुंज थांबली. मुंबईभर मृतांचा अधिकृत आकडा १६६ झाला. तिन्ही ठिकाणांहून आणि आजूबाजूच्या इमारतींतून मिळून सहाशेहून अधिक लोकांना बाहेर काढल्याचे एनएसजीने सांगितले. हे यश मोठे आहे. नरिमन हाऊसचे अपयश तेवढ्याने झाकले जात नाही, पण त्या अपयशामुळे हे यशही नाकारता येत नाही.

या घटनांचा राजकीय परिणाम लगेच दिसला. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी पदे सोडली. राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची समिती नेमली. तिने २००९ मध्ये अहवाल दिला. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संसदेत संमत झाला. अजमल कसाबवर खटला चालून तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर कठोर शब्दांत टीका केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात कसाबला फाशी देण्यात आली. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल करून दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना तिचे थेट चित्रण दाखवण्यास बंदी घालण्यात आली.

ओलीस-सुटकेच्या दृष्टीने दोन बदल सर्वांत महत्त्वाचे. २००९ मध्ये एनएसजीची केंद्रे मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे सुरू झाली. मुंबईवर पुन्हा असा प्रसंग आला तर कमांडो दिल्लीहून नव्हे, मुंबईतूनच निघतील, ही सोय झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र पोलिसांनी ‘फोर्स वन’ हे स्वतःचे कमांडो पथक उभारले. पहिले काही तास स्थानिक पोलिसांनाच लढावे लागते, हे २६ नोव्हेंबरच्या रात्रीने दाखवून दिले होते. त्या तासांसाठी लागणारी शस्त्रे, बुलेटप्रूफ जाकिटे आणि सराव देणे हा या पथकामागचा विचार.

तिसरा बदल किनाऱ्यावर झाला. हल्ला समुद्रातून आल्यामुळे २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. बोटींची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांवर भर आला. नौदल, तटरक्षक दल, पोलीस आणि मच्छीमार यांचा ‘सागर कवच’ नावाचा संयुक्त सराव सुरू झाला. मुंबईच्या उत्तरेची वसईची किनारपट्टी या साखळीतील एक कडी आहे. वसई तालुक्यातील निर्मळ या तीर्थक्षेत्राच्या पश्चिमेला कळंब आणि राजोडीचा किनारा, उत्तरेला अर्नाळ्याचे बंदर आणि वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचा जलदुर्ग. पहिल्या बाजीरावाच्या काळात मराठ्यांनी १७३७ मध्ये हे बेट घेऊन किल्ला नव्याने बांधला, तो समुद्रातून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवण्यासाठीच. आज त्या भागात अर्नाळा सागरी पोलीस ठाणे आहे.

याच पट्ट्यातील निर्मळची मोठी यात्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते आणि पुढे काही दिवस चालते. २००८ साली ही एकादशी हल्ल्याच्या तीन-चार दिवस आधी आली होती. निर्मळच्या तीर्थावर जमणारी गर्दी, विरारच्या लोकलमधील प्रवासी, सीएसटीवर गाडीची वाट पाहणारी कुटुंबे ही सगळी एकाच प्रकारची माणसे आहेत. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनी असा हल्ला कोणाच्याही दारी येऊ शकतो, हे वसई-विरारच्या अनेक घरांना आधीच जाणवून दिले होते. दहशतवादी हल्ल्याचा पहिला फटका अशा साध्या माणसांना बसतो आणि पहिली माहितीही बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच मिळते. मच्छीमारनगरात उतरलेल्या अनोळखी तरुणांना हटकणारे लोक कोळीवाड्यातलेच होते. त्या हटकण्यातून पोलिसांपर्यंत लगेच खबर पोहोचेल अशी व्यवस्था तेव्हा नव्हती.

नरिमन हाऊसची इमारत पुढे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली. जानेवारी २०१८ मध्ये अकरा वर्षांचा मोशे होल्ट्झबर्ग त्याच इमारतीत परत आला, तेव्हा इस्रायलचे पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहूही तिथे गेले होते.

एन्टेबे, मोगादिशू आणि अमृतसर या मोहिमांशी नरिमन हाऊसची तुलना केली की फरक स्पष्ट दिसतो. तिथे धाड पडली तेव्हा ओलीस जिवंत होते, आणि पहिल्या काही मिनिटांत निकाल लागला. मुंबईत कमांडो गच्चीवर उतरले तेव्हा ओलीस धरल्याला तेहतीसहून अधिक तास उलटले होते. गजेंद्रसिंग बिश्त आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यांच्याकडे असलेले सर्व काही दिले. त्यांना उशिरा, नकाशांशिवाय आणि कॅमेऱ्यांच्या नजरेसमोर लढायला पाठवले, ही त्यांची नव्हे, राज्य आणि केंद्र या दोन्ही व्यवस्थांची जबाबदारी होती. मुंबईतले एनएसजीचे केंद्र, फोर्स वन आणि किनाऱ्यावरची गस्त ही त्या उशिराची भरपाई आहे. ती टिकवायची तर सराव, साधने आणि स्थानिक लोकांशी असलेला संपर्क यांत खंड पडता कामा नये.